दवा की औषध

आमच्या घरात औषध म्हणलं की कुणाला खोकल्याची बाटली आठवायची नाही. औषध म्हणजे कपाशीवर मारायचं. ते पत्र्याच्या डब्यातून यायचं आणि ज्वारीच्या कणगीशेजारी, चुलीपासून हातभर अंतरावर राहायचं, कारण रानात ठेवलं तर चोरीला जायचं. डब्यावर इंग्रजीत बारीक काहीबाही लिहिलेलं आणि एक कवटी. ती कवटी आम्ही कंपनीचा छाप समजायचो. गावातली माणसं दुकानात जाऊन 'कवटीछाप द्या' म्हणायची आणि दुकानदारही न हसता द्यायचा. माणूस प्याला तर मरतो, एवढं ठाऊक होतं. पण प्याला तरच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

डब्याच्या बाजूला पितळेचा पंप. टाकी पाठीवर बांधायची, एका हातानं दांडा हाणायचा, दुसऱ्या हातात नळी. हा पंप माझ्या नवऱ्याचा. जिंतूर रोडवरच्या आमच्या गावात नवीनच हायब्रीड बी आलं होतं, आणि त्या बियाण्याबरोबर कीड आली होती. पंप घेऊन लोकांच्या वावरात औषध मारायला जाणं हा त्याचा धंदा झाला. आम्ही बौद्ध. ज्या वावराच्या बांधावर माझ्या सासऱ्यांना ताटकळत उभं करायचे, त्याच वावराचा धनी आता सकाळी आमच्या दारात येऊन विचारायचा, "येता का आज औषध मारायला?" 'येतो का' नव्हे, 'येता का'. ह्या एका 'ता'साठी माझा नवरा दिवसभर उन्हात दांडा हाणायला तयार होता. मी त्याला नावं ठेवत नाही. मलाही तो 'ता' गोड लागायचा.

तो मारायचा आणि मी पाणी द्यायचे. विहिरीवरून घागर आणायची, टाकीत ओतायची, झाकणानं औषध मोजून टाकायचं, काडीनं ढवळायचं. काडी सापडली नाही तर हात होताच. हाताला लागलं की पदराला पुसायचं. संध्याकाळी त्याचे कपडेही मीच धुवायचे, त्यांना येणारा उग्र वास डोक्यात जाऊन बसायचा आणि भाकरी खाताना आठवायचा. पहिल्या वेळेला मला दिवस होते तेव्हा नववा लागेपर्यंत मी हेच केलं. गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पोटुशी बाई खुरपायला जाते, वेचायला जाते, तशी मी पाण्याला गेले.

आता आमच्या बोलण्याचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे सासरे निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. ते दवाखान्यातल्या गोळीला, बाटलीला, सुईला 'दवा' म्हणायचे. औषध हा शब्द त्यांच्या तोंडात फक्त त्या डब्यासाठी होता. बाकीचे आम्ही सगळ्यालाच औषध म्हणायचो. विषाला आमच्याकडं इख म्हणतात, पण त्या डब्याला कुणी इख म्हणायचं नाही. खोकल्याचं औषध, उवांचं औषध, कपाशीचं औषध. आणि बायका-बायकांत हळू आवाजात बोलायचं आणखी एक औषध होतं, नको असलेले दिवस घालवायचं. त्यालाही 'औषध घेतलं' एवढंच म्हणायचे, पुढचं ऐकणारीनं समजून घ्यायचं. ह्या शब्दानं माझं घर मोडायला आणलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि दुसरी गोष्ट माझ्या तोंडाची. मी तोंडाळ. ह्याबाबत सासर-माहेरचं एकमत होतं. मी सातवी पास होऊन नांदायला आले आणि सासऱ्यांच्या मनात होतं की सुनेला परभणीला पाठवायचं, बालवाडीचं शिक्षण द्यायचं. सगळं ठरत आलं आणि मला दिवस गेले. चुलीपुढं बसून मी रडले आणि म्हणून गेले, "ह्याला आत्ताच यायचं होतं का?" सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मनात ठेवून दिलं.

मुलगी झाली. गोरीगोमटी, भरल्या अंगाची. आमच्याकडं लेकीला लाडानं माय म्हणतात, मीही तिला माय म्हणायचे. दूध प्यायची, झोपायची, रांगली, वेळेवर चालली. फक्त माझ्याकडं बघायची नाही. मी हाक मारली तर वळायची नाही. आधी वाटलं ऐकू येत नाही. पण परसात पंपाचा दांडा वाजला की घरातून धावत यायची. भाकरीचा वरचा पापुद्राच खायची, खालचा भाग तोंडाला लावला तर ओकायची. चवड्यावर चालायची. पाहुणा दारात आला तर कानावर हात ठेवून किंचाळायची आणि मग कुणाच्या बापाला ती आवरायची नाही. चार वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून आई नाही, पाणी नाही, काही नाही.

तिला जगात एक गोष्ट आवडायची, पंप. कोपऱ्यात जाऊन त्या पितळेच्या गार टाकीला गाल लावून बसायची. दांड्याचा आवाज तोंडानं काढायची. मी ओढून काढलं की किंचाळायची, म्हणून कामाच्या घाईत मी तिला तशीच बसू द्यायचे. गप बसते आहे ना, मग बसू दे.

सासूबाईंनी कारण शोधून ठेवलं होतं. मला दिवस असताना ग्रहण आलं होतं. सासऱ्यांनी दीक्षेनंतर घरातून ग्रहण, नवस, अंगारा सगळं बाहेर काढलं होतं, त्यामुळं मी ग्रहणात खुशाल गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. सासूबाई सासऱ्यांसमोर बोलायच्या नाहीत. पण माय किंचाळायला लागली की माझ्याकडं बघून म्हणायच्या, "शेंगा मोडल्या तवा कळलं न्हाई." मी म्हणायचे, "आत्याबाई, शेंगा मोडल्यानं पोरगी मुकी होत असती तर सगळा गाव मुकाच असता. तुमीबी." दोघींचं असं चालायचं. त्यात राग होता, पण एका घरात राहणाऱ्या बायकांचा. तो रोजच्या रोज निवायचा.

मग मला पुन्हा दिवस गेले आणि आमचं हसणं बंद झालं. पाचवा लागला तसं मला रात्री झोप येईना. पोटात हाललं की बायांना बरं वाटतं, मला कापरं भरायचं. हेही असंच निघालं तर? कशानं झालं तेच ठाऊक नाही, तर टाळायचं काय? सासऱ्यांनी माझं तोंड बघितलं असावं. ते म्हणाले, "परभणीला जावा. मोठ्या दवाखान्यात पोरांचा डॉक्टर बसतो. पोरगीला दाखवा, कारण इचारा." फवारणीचे दिवस होते, नवऱ्याला गावभर बोलावणी. म्हणून मी, सासूबाई आणि माय अशा तिघी एसटीनं गेलो.

डॉक्टर तरुण होते, पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणारे. त्यांनी मायच्या मागं टाळ्या वाजवल्या, ती वळली नाही. मग त्यांनी स्टीलच्या ट्रेवर झाकण टाकलं, तशी तिनं झाकणाकडं बघितलं. "ऐकू येतं हिला," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तुम्ही हिच्याशी बोलता का? आई बोलत नसली तर मुलं अशी आतल्या आत राहतात."

माझं डोकं फिरलं. "साहेब, बोलून बोलून माझं तोंड दुखलं. मी बोलत न्हाई असं म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात सापडायचा न्हाई." सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि पुढचं विचारलं, "बरं. ही पोटात असताना काही औषध घेतलं होतं का?"

"हो की," मी म्हणाले. "रोजच होतं. नववा लागस्तोर."

नेमकं तेव्हा नर्सनं मायचं मनगट धरलं आणि ती किंचाळली. सासूबाईंनी तिला उचललं आणि त्या बाहेर गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, पोरीच्या ओरडण्याचा त्रास झाला असेल.

आत डॉक्टर लिहीत होते. "कशासाठी घेतलं?"

"किडीसाठी."

"जंत होते? कुणी दिलं होतं?"

"मालकानं. म्हंजी नवऱ्यानं."

"किती घ्यायचात?"

"टाकीला दोन झाकणं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कसली टाकी?"

मी सगळं सांगितलं. पंप, डबा, घागर, काडी, पदर. त्यांनी डबा घरात कुठं असतो विचारलं, पोरगी कुठं खेळते विचारलं. मग पेन बाजूला ठेवून म्हणाले, "हिला हे त्यामुळं झालं, असं मी म्हणणार नाही. त्यामुळं झालं नाही, असंही मला म्हणता येत नाही. ह्याचं कारण आज कुणालाच नीट माहीत नाही. पण तुम्हाला आता पुन्हा दिवस आहेत. त्या डब्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. पाणी द्यायचं नाही, ते कपडे धुवायचे नाहीत, डबा घरात ठेवायचा नाही. आणि हिला वेडी म्हणू देऊ नका कुणाला. ही ऐकते, बघते. फक्त आपल्याकडं नाही." मी उठले. त्यांच्यावरचा माझा राग निम्मा उतरला होता.

परतीच्या एसटीत ड्रायव्हरनं हॉर्न दिला की माय माझ्या छातीत तोंड खुपसून ओरडायची, माणसं वळून बघायची, आणि एरवी अशा वेळी लोकांवर डोळे वटारणाऱ्या सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मी माझ्याच विचारात. नवऱ्याला कसं सांगायचं की पंप घरातून काढा? ज्या पंपानं त्याला 'येता का' मिळवून दिलं, त्याबद्दल कोणत्या तोंडानं बोलायचं?

मला तोंड उघडावंच लागलं नाही. संध्याकाळी तो रानातून आला, पंप कोपऱ्यात ठेवला, आणि सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं. "हिनं औषध घेतलं व्हतं. पोटात पोर असताना. पाडायला. डॉक्टरसमोर कबूल केलं, मी ह्या कानानं ऐकलं."

मी हसले. खरंच हसले, इतकं ते मला खुळचट वाटलं. "आत्याबाई, फवारणीचं म्हणले मी. कपाशीचं."

"डॉक्टरनं 'मारलं का' न्हाई इचारलं. 'घेतलं का' इचारलं. तू व्हय म्हणलीस. आता पालटायलीस." आणि मग त्यांनी ठेवून दिलेलं बाहेर काढलं. "ह्याला आत्ताच यायचं व्हतं का, कोण म्हणलं व्हतं? शाळा शिकायची व्हती ना तुला?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो हसेल, 'कायबी काय आये' म्हणेल, असं मला वाटलं. तो पंपाकडं बघत होता. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, डबा घरात नको ते. जसजशी मी बोलत गेले तसतसा त्याचा चेहरा आवळत गेला. मी बोलले नसते तर बरं झालं असतं. कारण आता त्याला दोनांतलं एक खरं मानायचं होतं. बायकोनं केलं, नाहीतर पंपानं. आणि पंप त्याचा होता.

"पंपानं झालं म्हण," तो म्हणाला. "उद्या म्हणशील मीच केलं." आणि जेवायला न बसता बाहेर गेला.

सासरे तेव्हा मानवतला नणंदेकडं गेले होते. ते असते तर गोष्ट इतकी वाढली नसती. नवऱ्यानं माझ्या भावाला निरोप धाडला, बहिणीला आणि भाचीला घेऊन जा. किती दिवसांसाठी, ते निरोपात नव्हतं. नसलं म्हणजे काय, ते आमच्याकडं सगळ्यांना कळतं. सासूबाईंच्या माहेरची एक मुलगी लग्नाची होती, हेही मला ठाऊक होतं.

भाऊ येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. नवरा माझ्याशी बोलेना. मी पाण्याला जायचं बंद केलं, तर सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता बरी काळजी आली पोटातल्याची." मला उलट बोलायचं होतं आणि पहिल्यांदाच शब्द फुटेना. घरात औषधाचा वास होताच. मी दार उघडं टाकून, तोंडावर पदर धरून स्वयंपाक करायचे. झोपायला मी परसातल्या गोठ्यात गेले, मायला घेऊन, तर ती कोपऱ्यातल्या पंपाकडं जायला ओढ घ्यायची. मी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. ती ओरडायची. पोटातलं लाथा मारायचं. एकीला धरायचं की दुसऱ्याला जपायचं, मला काही सुचायचं नाही. मी फार घाबरले होते. मार खायला, माहेरी बसायला मी भ्याले नाही. ह्या घरातून मला काढलं तर माझ्या मागं दुसरी कुणीतरी येईल, पोटुशी राहील आणि घागर घेऊन पंपाच्या मागं जाईल, ह्याची मला भीती वाटायची. आणि राहिले तर पोटातल्याची.

भाऊ आला त्याच दिवशी सकाळी सासरे मानवतहून परतले. दारातल्या लिंबाखाली बाज टाकली. बाजेवर सासरे आणि भाऊ, खाली नवरा, उंबऱ्यात सासूबाई. मी भिंतीला टेकून उभी. माय आत झोपलेली.

सासूबाईंनी आपलं सांगितलं. भावाचं तोंड काळवंडलं. नवऱ्यानं मातीत काडीनं रेघा ओढल्या. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते मलाही लेकीसारखं मायच म्हणायचे. मला म्हणाले, "माय, डॉक्टर काय बोलला आन् तू काय बोललीस, ते जसंच्या तसं सांग. आपलं घालू नको, त्याचं गाळू नको."

मी सांगितलं. "ते म्हणाले, औषध घेतलं का. मी म्हणले, हो."

"थांब. तो दवा म्हणला का औषध?"

"औषध."

"त्याला दवा म्हणायची व्हती," सासरे म्हणाले. "शहरातले लोक दव्याला औषध म्हणतेत. बरं, पुढं?"

"मग म्हणाले, कशासाठी. मी म्हणले, किडीसाठी. ते म्हणाले, जंत होते का, कुणी दिलं. मी म्हणले, मालकानं. किती घ्यायचात म्हणले. मी म्हणले, टाकीला दोन झाकणं."

भाऊ एकदम खोकला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि हसायची जागा नव्हती. सासऱ्यांनी सासूबाईंकडं वळून विचारलं, "हे ऐकलं का तुमी?"

"मी पोरीला घेऊन भायेर गेले व्हते," सासूबाई म्हणाल्या.

"पोर पाडायचं औषध टाकीत घालतेत का, दोन झाकणं?" सासऱ्यांचा आवाज चढला नव्हता. "आन् हे असलं उत्तर कुणी मनानं रचंल का? डॉक्टरनं दवा इचारली, हिनं औषध सांगितलं. तुमी तिसरंच ऐकलं. जा परभणीला, तो डॉक्टर तितंच बसतो, इचारून या."

सासूबाई पदराची गाठ सोडत-बांधत बसल्या. नवऱ्याच्या हातातली काडी थांबली होती. मला वाटलं, झालं, सुटले. पण तो मान वर करीना. आईचं खोटं ठरलं म्हणजे दुसरं खरं ठरत होतं, आणि ते त्याला उचलवत नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. खटक, फुस्स. खटक, फुस्स. तोंडानं काढलेला. मी धावले, माझ्या मागून तोही आला. माय कोपऱ्यात बसली होती. एका हातानं टाकीला मिठी, गाल पितळेला, आणि नळीचं टोक तिनं तोंडात धरलं होतं. चोखत होती. डोळे मिटून, अगदी सुखात.

मी पोचायच्या आत नवऱ्यानं ते हिसकलं. माय किंचाळली, हातपाय झाडायला लागली. त्यानं तिला तशीच उचलली, रांजणापाशी नेली, बोटं घालून तिचं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, मग सोगा हुंगला आणि तोही सोडून दिला, कारण त्याला तोच वास होता. पाणी तिच्या तोंडापेक्षा अंगावर जास्त सांडलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी पुढं होऊन आपल्या लुगड्याचा पदर दिला.

तो खाली बसला. पोरगी मांडीवर. मला म्हणाला, "म्हंजी मी केलं का?"

इतके दिवस ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. 'हो, तुमी. तुमी आन् तुमच्या पंपानं.' गोठ्यात पडल्या पडल्या मी ते वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं होतं. आता त्याच्याकडं बघितलं आणि माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. हा माणूस रोज त्या औषधाच्या तुषारात भिजत होता. तो आमच्याआधी भिजत होता.

"डॉक्टरला म्हाईत न्हाई," मी म्हणाले. "मलाबी न्हाई. पण ह्या पोटातल्याला मी त्याच्यात नेणार न्हाई. आन् मायला आता त्या कोपऱ्यात बसू देणार न्हाई."

त्याच दुपारी पंप आणि डबा घरातून गेले. भाऊ आणि नवरा दोघांनी मिळून वावरात दगड रचून एक खोपट केलं, त्याला कुलूप घातलं. भाऊ दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. नवरा विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय घरी येईनासा झाला. कपडे तिकडंच धुवायचा. बाप्या माणूस स्वतःचे कपडे धुतो म्हणून गाव हसला. पाणीही तोच वाहायचा. सासूबाईंनी माझी माफी मागितली नाही, आमच्याकडं सासवा मागत नाहीत. पण कणगीतली सगळी ज्वारी त्यांनी बाहेर काढली, उन्हात टाकली, आणि तो कोपरा शेणामातीनं स्वतः सारवला.

मुलगा झाला. तो दूध पिताना माझ्याकडं बघतो का, हे मी पहिल्या दिवसापासून बघायला लागले, इतकं की सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लावशील. बसायला लागला. मी मागून हाक मारायची वेळ पुढं ढकलत राहिले. एके सकाळी सासूबाईच म्हणाल्या, "मार हाक, होऊन जाऊ दे." नवरा दारात उभा होता, विहिरीवर जायचं सोडून. मी हाक मारली. पोरगं वळलं आणि हसलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मात्र मायकडं बघितलं. ती भिंतीला गाल लावून उभी होती.

पुढं मी बालवाडी चालवली. खूप वर्षांनी शहरातल्या एका बाईंकडून मला मायसारख्या मुलांसाठीचा शब्द कळला, स्वमग्न. त्यांना मी औषधाचं विचारलं. त्या म्हणाल्या, असल्या औषधांत पोटुशी बाई वावरली तर धोका वाढतो असं दिसतं. पण एका पोरीपुरतं, ह्यानंच झालं असं बोट दाखवता येत नाही, कारणं बरीच असतात, काही रक्तातलीही. म्हणजे त्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं तेच. मुलगा बरा निघाला म्हणूनही काही सिद्ध होत नाही. मला हे समजतं. तरीही मला राग येतो, आणि कुणावर काढायचा ते सापडत नाही.

मायचं राहिलं. पंप गेल्यावर ती कितीतरी दिवस त्या सारवलेल्या कोपऱ्यात जायची, हात फिरवायची, रिकामी जागा थापटायची आणि माझ्याकडं न बघता परत यायची. जेवायची कमी झाली. मुलगा रांगायला लागला त्या सुमाराची गोष्ट. सकाळी नवरा न्याहारीला बसला होता. माय कोपऱ्यात गेली, भुई थापटली, आणि वळून, आयुष्यात पहिल्यांदा, सरळ बापाच्या तोंडाकडं बघितलं. म्हणाली, "औषध."

स्वच्छ. षसुद्धा नीट. आमच्या घरात तिनं सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द तोच असणार. लेकराचा पहिला शब्द ऐकून आईला आनंद होतो, मलाही झाला, हे सांगितलं पाहिजे. मी तिला उचलून घेतलं आणि तिच्या ओरडण्याची पर्वा न करता मुके घेतले. मागं बघितलं तर नवरा अर्धी भाकरी ताटात टाकून उठला होता.

तो दारात गेला. बाहेर एक शेतकरी उभाच होता, रोजच्यासारखा. "येता का औषध मारायला?"

"आमच्या दारात औषध म्हणायचं न्हाई," नवरा म्हणाला. "इख म्हणा. मग येतो."